मिरवणूक कोणत्या गल्लीतून जाणार?

१९१७ च्या दिवाळीआधी इंदूर शहरात एक जाहीरनामा फिरला. यंदाची दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या ठरलेल्या मार्गाने जाणार नाही. ज्या गल्ल्यांतली सर्वांत जास्त घरं साफसूफ आणि डागडुजी केलेली दिसतील, त्या गल्ल्यांतून ती जाईल. दंडाची भाषा नव्हती, पोलिसांचा धाक नव्हता. पण अट अशी होती की गल्लीने स्वतःची मोजदाद केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आपल्याकडची किती घरं झाली? शेजारच्या गल्लीतली किती? कोणाचं अंगण अजून तसंच आहे? लक्ष्मीची स्वारी आपल्या दारावरून जावी असं कोणाला वाटत नाही!

हा जाहीरनामा ज्यांच्या डोक्यातून निघाला ते पॅट्रिक गेडिस. स्कॉटलंडचे, मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक, त्या वेळी वय साठीच्या पुढे. महाराजा तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबाराने त्यांना शहराची पाहणी करून सुधारणेचा आराखडा द्यायला बोलावलं होतं. मी इंदूरची. आमचं घराणं होळकरांच्या चाकरीत साताऱ्याकडून इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. गेडिसांची ही हकीकत मला नोकरीत लागल्यावर पुष्कळ वर्षांनी कळली, आणि तेव्हापासून मी ती प्रत्येक वर्गाला सांगत आले. ज्या शहराच्या स्वच्छतेचं आज देशभर नाव होतं, त्या शहराने आपली घाण पहिल्यांदा अशी गल्लीवार मोजली होती हे इथल्या मुलांना माहीत असलंच पाहिजे, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

गेडिस आले तेव्हा इंदुरात प्लेगची भीती होती. हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडणारा दाढीवाला गोरा म्हातारा पाहिला की माणसं कुजबुजत: हाच तो साहेब, हाच प्लेग आणतो. या भीतीला कारण होतं. आपल्याकडे प्लेगची आणि साहेबाच्या पाहणीची गाठ याआधी फार वाईट पडली होती. पुण्यात १८९७ साली प्लेग अधिकारी रँडच्या हुकमतीखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. रोगी शोधायला म्हणून देवघरात, माजघरात गेले, सामान बाहेर काढून जाळलं, बायाबापड्यांची विटंबना केली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. तीही पाहणीच होती. तीतही घरं मोजली गेली, रोगी मोजले गेले, तक्ते भरले गेले. पण ती माहिती ज्यांची होती त्यांच्या वाट्याला तिच्यातून फक्त अपमान आला. वीस वर्षांनी इंदुरात दुसरा साहेब नकाशा घेऊन हिंडू लागला, तेव्हा लोकांनी दारं लावून घेतली यात नवल नाही.

फरक होता तो माणसात. गेडिसांनी तरुणपणी एडिंबरोच्या जुन्या, पडक्या वस्तीत बायकोसह बिऱ्हाड थाटलं होतं. शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंती रंगवल्या, अंगणं झाडली, मोकळ्या कोपऱ्यांत झाडं लावली. तिथेच त्यांनी एक जुना मनोरा घेतला आणि त्याचं शहराचं संग्रहालय केलं. माथ्यावर भिंगांची अशी योजना की खाली चाललेलं शहर आतल्या पांढऱ्या टेबलावर हलताना दिसावं. त्याखालच्या मजल्यांवर क्रमाने आपलं शहर, आपला देश, युरोप आणि शेवटी जग. आधी आपलं गाव पाहा, मग जगाकडे जा, हा त्यांचा क्रम होता. भूगोलाच्या शिक्षकाला याहून वेगळं काय हवं?

१९१४ साली ते हिंदुस्थानात यायला निघाले. शहरांविषयीचं त्यांचं मोठं प्रदर्शन, म्हणजे वर्षानुवर्षं जमवलेले नकाशे, चित्रं आणि तक्ते, दुसऱ्या जहाजाने येत होतं. 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवलं. मित्रांनी घाईघाईने नवं साहित्य जमवून पाठवलं आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन उभं राहिलं. त्यानंतर ते गावोगाव हिंडले. मदुरा, लाहोर, बलरामपूर, आणि मुंबई इलाख्यातली ठाण्यासारखी गावं. १९१७ च्या एप्रिलमध्ये मुलगा अलास्डेअर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. बायको ॲना त्या वेळी कलकत्त्यात आजाराने अंथरुणाला खिळली होती. गेडिसांनी तिला मुलाच्या मृत्यूची बातमी सांगितली नाही. त्याची जुनी पत्रं तिला वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये तीही गेली. त्याच वर्षीच्या दिवाळीत या माणसाने एका परक्या गावाची मिरवणूक रचली. इंदूरची कथा सांगताना मी हे कधी गाळत नाही.

त्यांची पाहणीची रीत साधी होती आणि फार कष्टाची होती. कचेरीत बसून रेघा मारायच्या नाहीत. आधी पायी हिंडायचं, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, ऊन-पाऊस न बघता. कोणती भिंत खरोखर पडायला आली आहे आणि कोणती नुसती मळलेली आहे. कोणत्या चौकात झाड आहे, कोणत्या विहिरीवर बाया येतात, कोणत्या विहिरीकडे पाठ फिरवतात. कोणत्या बोळातून गाडी जाते आणि कोणत्या बोळाला गाडीची गरजच नाही. एकेका घराची अशी तपासणी झाली की कळायचं, पाडायचं फार थोडं आहे. त्या काळचे नगररचनाकार दाट वस्तीवर नकाशात सरळ रेघ मारून रुंद रस्ता काढत आणि शेकडो कुटुंबं रस्त्यावर आणत. गेडिसांचं म्हणणं असं की वस्ती नीट पाहिली तर दोन-चार पडकी घरं काढून, एखादा चौक मोकळा करून, विहिरीचा काठ बांधून तेच काम फार कमी खर्चात होतं.

ठाण्याच्या अहवालात, १९१५ साली, त्यांनी विहिरींची बाजू ज्या कळकळीने मांडली आहे ती आज वाचताना अंगावर येते. नळ आला म्हणून जुन्या विहिरी बुजवू नका, असं त्यांचं सांगणं. कोणतीही नळयोजना कधी ना कधी बिघडते. त्या दिवशी गावाला विहीरच वाचवेल. डासांची भीती असेल तर पाण्यात मासे सोडा, बदकं पाळा, उपसा चालू ठेवा. आरोग्य खात्याचा कल त्या काळी विहिरी आणि तलाव बुजवण्याकडे होता. ही विहिरींची गोष्ट लक्षात ठेवा. मला पुढे तिथेच यायचं आहे.

आता त्या दिवाळीकडे. गेडिसांनी दरबाराकडे मागणं केलं ते असं: मला एका दिवसाचा महाराजा करा. दरबाराने मान्य केलं. मग जाहीरनामा निघाला, आणि त्याबरोबर दुसरी सोय जाहीर झाली: घरातला, अंगणातला, परसातला साठलेला केरकचरा सरकारी गाड्या फुकट उचलून नेतील. गेडिस सांगत की सहा हजारांहून जास्त गाड्या भरून कचरा शहराबाहेर गेला. उंदीर धरले गेले ते वेगळेच. पुजाऱ्यांनी देवळं आणि देवळांपुढचे रस्ते झाडले. भिंतींना चुना लागला, मोडकी दारं दुरुस्त झाली. दिवाळीआधी घर झाडायचं हा आपल्याकडचा रिवाजच. गेडिसांनी त्यात नवीन काही घुसवलं नाही. उंबऱ्याच्या आत चालणारं काम गल्लीचं केलं आणि गल्लीगल्लींत चढाओढ लावून दिली. माझ्या मते या साऱ्या प्रसंगातली खरी बुद्धी इथे आहे.

मिरवणुकीत पुढे हत्ती, घोडेस्वार, पायदळ, वाजंत्री आणि लक्ष्मीची स्वारी. मग एकदम सूर बदलला. कर्कश वाद्यं, रोगराईची भेसूर सोंगं, पडक्या घरांचे देखावे, घाणीचा प्रचंड राक्षस आणि प्लेगचा भलामोठा उंदीर. बाया-मुलं भ्यायली असतील, हसलीही असतील. जो रोग आजवर अदृश्य होता, ज्याचं खापर साहेबाच्या नकाशावर फुटत होतं, तो चारचौघांसमोर रस्त्यावरून चालत आला. त्याच्यामागे थोडी मोकळी जागा, आणि मग शहराचे सफाई कामगार. स्वच्छ पांढरे कपडे, गळ्यात हार, खांद्यावर नव्या कोऱ्या केरसुण्या. कचऱ्याच्या गाड्या धुऊन रंगवलेल्या, बैलही सजवलेले. ज्यांची सावली टाळायची त्यांना पाहायला गाव रस्त्याच्या दुतर्फा उभं होतं. त्यांच्या मागून आली नगरदेवता, म्हणजे इंदूर शहरच देवीच्या रूपात, आणि तिच्यासोबत निशाणावर रेखलेला उद्याच्या शहराचा नकाशा. होऊ घातलेल्या इमारतींच्या प्रतिकृती, कारागिरांचे चित्ररथ, फळं-फुलं, आणि वाटायला तुळशीची हजारो रोपं. शेवटी बागेत राक्षस आणि उंदीर यांची होळी झाली, दारूकाम उडालं.

नकाशा रस्त्यावरून मिरवला गेला हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. कोणत्याही सरकारी आराखड्याचं असं झालेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. लोकांनी आपापल्या गल्ल्या साफ केल्या, त्यातून मिरवणुकीचा मार्ग ठरला, आणि त्या मार्गावरून त्यांच्याच शहराचं उद्याचं चित्र त्यांच्या दारापुढे आलं. घेतलेली माहिती काही आठवड्यांच्या आत ज्याची त्याला परत मिळाली, तीही त्याला वाचता येईल अशा रूपात. बहुसंख्य लोक निरक्षर असलेल्या गावात.

ही हकीकत आपल्यापर्यंत मुख्यतः गेडिसांच्या तोंडून आणि त्यांच्या चाहत्यांच्या लेखणीतून आली आहे, आणि सांगणारा रंगून गेला की रंग थोडा गडद होतोच. प्लेगही हंगामाप्रमाणे ओसरतो; तो निव्वळ मिरवणुकीने गेला असं मी मुलांना सांगत नाही. आणि मेहतर समाजाला एक दिवस हार घालून जातीने लादलेलं काम सुटत नाही, हेही त्यांना सांगते. तो मान खरा होता, पण तो एका दिवसाचा होता. शंभर वर्षांनंतरही हेच काम त्याच समाजाच्या पदरात पडतं हे इंदूरने विसरू नये.

१९१८ साली गेडिसांचा अहवाल दोन खंडांत होळकर दरबाराला सादर झाला. खान आणि सरस्वती या आपल्या दोन नद्यांचे काठ मोकळे करून बागा, विहिरींची निगा, गिरण्यांची जागा, कामगारांची घरं, ग्रंथालयं, मध्य हिंदुस्थानासाठी विद्यापीठ, असं पुष्कळ त्यात आहे. मैल्याच्या प्रश्नावर त्यांनी इंजिनियरांशी वाद घातला. महागड्या भुयारी गटारांतून सारं नदीत सोडण्यापेक्षा ते मातीत, बागेत जिरवा, असा त्यांचा आग्रह होता. त्यातलं थोडं झालं, बरंचसं कपाटात राहिलं. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांच्या प्रोत्साहनाने विलायतेला शिकायला गेले आणि पुढे तोच विभाग त्यांनी वाढवला. म्हणजे भारतातल्या समाजशास्त्राच्या मुळाशी गल्लीतून हिंडून केलेली ही पाहणी आहे. १९३२ साली फ्रान्समध्ये माँपेलिए इथे गेडिस वारले.

मैला आणि कचरा मातीत जिरवण्याचा विचार इंदुरात दुसऱ्याच वाटेने पुढे गेला. १९२४ मध्ये इथे वनस्पती-उद्योग संस्था निघाली. दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली आणि अल्बर्ट हॉवर्ड तिचे प्रमुख झाले. हॉवर्ड इथल्या शेतकऱ्यांना आपले गुरू मानत. त्यांनी आणि यशवंत वाड या आपल्या मराठी रसायनशास्त्रज्ञाने मिळून कंपोस्टची जी रीत बसवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र शोषलेली माती, लाकडाची राख यांचे थर. ठरलेल्या दिवशी ओलावा, ठरलेल्या दिवशी उलथापालथ. ढिगाच्या उष्णतेची नोंद. साधारण तीन महिन्यांत खत तयार. १९३१ साली दोघांच्या नावाने पुस्तक निघालं. हॉवर्डांचं नाव सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक पुस्तकात असतं. वाडांचं नाव इंदूरच्या मराठी घरांतही फारसं कोणी घेत नाही. ही रीत चालली याचं कारण मला असं दिसतं की तीत मोजमाप होतं आणि ते मोजमाप बैलजोडीवाल्या शेतकऱ्याला स्वतः करता येत होतं. ढिगात हात घालून तो उष्णता सांगू शकत होता.

नंतरच्या काळावरून मी लवकर पुढे जाते. शहर वाढलं, गिरण्या बंद पडल्या, खान नदीचा नाला झाला, देवगुराडियाच्या टेकडीजवळ कचऱ्याचा डोंगर उभा राहिला. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कचरापेट्यांभोवती गाई आणि कुत्री. आम्ही नाकाला पदर लावून जायचो, आणि हे असंच असतं असं मानायचो.

२०१६ मध्ये महापालिकेने घरोघरी कचरा गोळा करायला सुरुवात केली. आधी मोजक्या वॉर्डांत, मग सगळ्या ८५ वॉर्डांत. रस्त्यावरच्या पेट्या उचलल्या. सकाळी गाणं वाजवत गाडी यायची आणि ओला-सुका वेगळा नसेल तर गाडीवालाच दारात हटकायचा. केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात २०१६ साली २५ वा असलेला हा गाव २०१७ मध्ये पहिला आला आणि पुढे वर्षानुवर्षं पहिलाच राहिला. देवगुराडियाचा जुना डोंगर उपसला गेला. तिथे २०२२ च्या फेब्रुवारीत रोज ५५० टन ओला कचरा पचवणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. त्या गॅसवर शहराच्या बस धावतात. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर झालं आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. ते झालं कारण आकडा प्रत्येक दारापर्यंत आला होता. आपल्या वॉर्डात किती घरं वेगळं करून देतात हे लोक ओट्यावर बसून बोलत. नंबर घसरला तर आपलं नाक कापलं जाईल, असं भाजीवालीही म्हणे. १९१७ च्या गल्लीची चढाओढ शंभर वर्षांनी शहराशहरांची झाली होती.

पण चढाओढीत जे विचारलं जातं तेच मोजलं जातं. दिल्लीहून येणाऱ्या प्रश्नपत्रिकेत जे नसतं ते शहराच्या नजरेतून सुटतं. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली. त्यांतलं सहावं पाण्याचं, अकरावं शहरांचं. आता राज्याचे, जिल्ह्यांचे, शहरांचे तक्ते निघतात, कचेरीतल्या पडद्यावर रंगीत आलेख हलतात. त्यात नंदलालपुऱ्यातली बाई स्वतःची गल्ली शोधू गेली तर तिला ती सापडत नाही. ज्या माहितीत मला माझं घर दिसत नाही तिच्यासाठी मी सकाळी लवकर का उठावं?

३० मार्च २०२३, रामनवमी. स्नेहनगर भागातल्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू होतं. दाटी झाली होती. पायाखालची फरशी खचली आणि माणसं खाली बावडीत पडली. अनेक वर्षांपूर्वी त्या विहिरीवर स्लॅब टाकून मंदिराचा भाग वाढवला होता. त्या स्लॅबवर बसलेल्या लोकांतल्या कितीजणांना खाली पाणी आहे हे ठाऊक होतं? ३६ जण मेले. देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरात. त्यानंतर शहरभर झाकलेल्या विहिरींचा शोध सुरू झाला.

ते दिवस मला फार जड गेले, कारण विहिरींच्या यादीचं काम आम्ही शाळेत केलं होतं. नववीच्या भूगोलात नकाशावाचन असतं. पुस्तकातल्या समोच्च रेषा शिकवून मुलांना काही कळत नाही, असं माझं मत. म्हणून मी मुलांना त्यांच्या मोहल्ल्याचा नकाशा काढायला लावत असे: विहिरी, बावड्या, हापसे, जुनी झाडं, उतार, पावसाचं पाणी कुठे तुंबतं. मुलं घरोघर जाऊन विचारत. पहिल्यांदा लोक म्हणत, "बाई कशाला पाठवतात तुम्हाला? घरपट्टी वाढवायची आहे का?" पुण्याच्या प्लेगपासून चालत आलेली ती धास्ती अजून जिवंत होती.

मग आम्ही एका गणेशोत्सवात तो नकाशा मंडळाच्या मांडवात लावला. मोठ्या कागदावर, आणि शेजारी दोऱ्याने पेन्सिल बांधून. आरती झाली की माणसं गणपतीपुढून सरकून नकाशापुढे येत आणि आधी स्वतःचं घर शोधत. मग चुका काढत. ही गल्ली इथे वळत नाही. इथे चिंच होती, कापली. एक तांबटकाम करणारे मियाँजी येऊन म्हणाले, माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीखाली कुआँ आहे, वडिलांनी फळ्या टाकून झाकला, खूण करा. एका गुजराती आजींनी दोन विहिरींची नावं सांगितली. ती आमच्या कोणाच्याच कानावर आलेली नव्हती. अनंतचतुर्दशीपर्यंत मुलांच्या निळ्या शाईच्या नकाशावर शिसपेन्सिलीच्या इतक्या खुणा झाल्या की मूळ रेघा दिसेनात. झाकलेल्या विहिरींना आम्ही लाल टिंब दिलं. ज्या घरमालकांनी आधी मुलांना दारातून परत पाठवलं होतं त्यांतलेच काही लाल टिंबं लावायला आले. पुढच्या वर्षी मंडळाने स्वतःहून विचारलं, नकाशा लावायचा ना?

स्नेहनगर आमच्या नकाशात नव्हतं. पण तिथेही वयस्क माणसं होती, तिथेही कोणाच्या तरी आठवणीत ती बावडी होती. ती आठवण कागदावर यायला आणि तो कागद रोज शंभर माणसांच्या डोळ्यांसमोर टांगायला फार पैसा लागत नाही. गेडिसांनी ठाण्यात विहिरींची रदबदली केली त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. विहीर पाणी देते म्हणून ती जपा, असं ते म्हणाले होते. जपली नाही तर निदान ती कुठे आहे हे तरी गावाला माहीत असावं, एवढंच मी त्यात घालते.

महापालिकेकडे आज उपग्रहाची चित्रं आहेत, प्रत्येक गाडीचा मार्ग पडद्यावर दिसतो. ते सगळं राहू द्या, वाढू द्या. पण वॉर्डाचा नकाशा वॉर्डातल्या भिंतीवर लागला पाहिजे, तोही खोडता येईल असा, दर वर्षी नवा. पाणी कुठे गढूळ आलं, कोणत्या चौकात पाणी साठलं, कोणती विहीर उपसली, कोणतं झाड गेलं हे त्यावर लोकांनी लिहावं आणि अधिकाऱ्याने तिथे येऊन वाचावं. दिवाळीची चढाओढ लावायचीच असेल तर मिरवणुकीचा रस्ता यंदा जिवंत विहिरींच्या संख्येवर ठरवा. राजवाड्यापासून निघालेली मिरवणूक ज्या मोहल्ल्याने सर्वांत जास्त विहिरी उघडून साफ केल्या तिथून जाऊ द्या, आणि पुढे सफाई कामगार असू द्या, वर्षभर नीट पगार, हातमोजे आणि बूट मिळालेले.

इंदूरच्या मराठी वाचकांना माझी एक विनंती आहे. नंदलालपुरा, कृष्णपुरा, जुनी इंदूर, इमली बाजार, जिथे तुमचं जुनं घर असेल तिथल्या सर्वांत वयस्क माणसाकडे या आठवड्यात जा. वही घ्या आणि पाच गोष्टी लिहून आणा: विहिरीचं नाव, ती नेमकी कुठे आहे, उघडी आहे की झाकलेली, झाकलेली असेल तर तिच्यावर आज काय उभं आहे, आणि तिचं पाणी शेवटचं कोणी काढलं. ती यादी पुढच्या गणेशोत्सवात तुमच्या मांडवात लावा आणि तिच्यापाशी एक पेन्सिल ठेवा.